बांगड्यांच्या काचेचा ढोल

वरातीत बँडवाल्यांचा मोठा ढोल दिव्यांच्या उजेडात चमचमतो, तो कशानं चमकतो हे कुणी विचारत नाही. लोकांचं लक्ष घोड्यावर असतं, नाहीतर जेवण कधी वाढतायत याच्यावर. मी ज्या घरात वाढले तिथं सगळ्यांचं पोट त्या चमकीवर होतं, म्हणून माझे डोळे अजूनही आधी ढोलाकडे जातात. लग्नाहून घरी आल्यावर नवरा मुलगा कसा होता असं कुणी विचारलं, तर मला धड सांगता येत नाही.

दादा, म्हणजे माझे वडील, नगरात ढोल आणि ड्रम दुरुस्त करायचे. जुन्या शहरातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दुकान होतं आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. ढोलाची कातड्याची पानं, कड्या, दोऱ्या सगळं उतरवलं की जो पोकळ गोल उरतो त्याला आम्ही खोड म्हणायचो, मग ते लाकडाचं असो की पत्र्याचं. बँडवाले पोपडे सुटलेली खोडं आणून टाकायचे आणि दादा त्यांच्यावर नवी चमकी चढवून द्यायचे. तयार चमकी बाजारात पुडीनं मिळते, पण दादांना ती चालत नसे. ती प्लॅस्टिकची असते. दोन उन्हाळे वरातींत फिरली की तिचा रंग उडतो आणि ढोल पीठ सांडल्यासारखा दिसायला लागतो. “काच उन्हाला भीत न्हाई,” असं ते म्हणायचे. म्हणून आमच्याकडे चमकी घरीच व्हायची, बांगड्यांच्या काचेची.

कासाराकडे बांगड्या भरताना थोड्या वाढतातच. बांगडी फुटली असं आमच्यात कुणी बोलत नाही, वाढली म्हणतात. ज्या घरात लोखंडी खलबत्त्यात रोज बांगड्या कुटत, त्या घरातही हे पथ्य कडक पाळलं जाई, आणि मी चुकून फुटली म्हटलं की पाठीत धपाटा बसे. कासार ते तुकडे गोणीत साठवून ठेवायचा. दादा सायकलवर गोणी आणायचे आणि आत्यापुढे टाकायचे.

आत्या ही दादांची थोरली बहीण. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा तिचा नवरा विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला. ती माहेरी आली ती कायमची. माझ्या आठवणीत तिच्या हातात कधी बांगडी नाही. आमच्या घरातल्या भाकऱ्या तीच थापायची. आपल्या भाकरीला पापुद्रा येत नाही असं आई चारचौघांत स्वतःच सांगायची, म्हणजे पुढे कुणी तिला थापायला सांगू नये. दोघी नणंद-भावजया भांडायच्या फार कमी. भांडायला वेळच नव्हता, कारण काचेला दोघी लागायच्या.

काच धुण्यापासून चाळण्यापर्यंतचं सगळं आत्याकडे. रिठ्याच्या पाण्यात तुकडे भिजवून ती त्यांच्यावरचं सोनेरी काम काढायची, उन्हात वाळवायची, आणि तोंडाला पदर बांधून, खलबत्त्यावर फडकं धरून कुटायची. मग चाळणं. मैद्याच्या चाळणीवर जे राहील ते पुन्हा खलबत्त्यात. खाली पडेल ते मलमलीतून झटकायचं, आणि मलमलीतून गळेल ते फेकून द्यायचं, कारण ती नुसती धूळ असते आणि तिनं ढोल मळकट होतो. मलमलीवर बारीक रव्याएवढं जे उरतं तेवढंच कामाचं. ते जमलं की नाही हे आत्या चिमूट चोळून सांगायची. तिच्या बोटांना काच लागलेली मी कधी पाहिली नाही.

त्यानंतरचं काम आईचं. दादा खोडाला रंग देऊन वाळवायचे आणि वरून वॉर्निशचा हात मारायचे. वॉर्निश ओलं असताना काच टाकली तर ती बुडते, वाळल्यावर टाकली तर घसरून जाते. मधला वेळ थोडा असतो. दादा उलट्या बोटानं टेकवून बघायचे आणि म्हणायचे, “धरलं.” खोडाच्या दोन्ही तोंडांना फळ्या ठोकून त्यांतून सळई घातलेली असे आणि ती दोन स्टुलांवर टेकवलेली असे. दादा एका बाजूनं खोड हळूहळू फिरवायचे आणि आई वर चाळणी धरून मनगटानं तिच्या कडेवर ठोके द्यायची. ठोक्यासरशी काच भुरभुरायची आणि आईच्या बांगड्या वाजायच्या. त्या आवाजावरून मला मागच्या खोलीत अभ्यास करताना कळायचं की ढोल कुठवर आला.

हे भुरभुरण्याचं काम आत्यानं कधीच केलं नाही. काच ढोलावर टाकायची वेळ आली की ती चाळणी आईच्या हातात द्यायची आणि भाकऱ्या करायला आत निघून जायची. मला वाटायचं, भाकरीची वेळ झाली असेल. वॉर्निश सकाळी धरो नाहीतर भर दुपारी, भाकरीची वेळ नेमकी तेव्हाच कशी व्हायची, हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नाही. आई आजारी पडली किंवा माहेरी गेली की दुकान खोळंबायचं. दादा ताटकळत बसायचे, बँडवाल्यांची बोलणी खायचे, पण चाळणी आत्याच्या हातात देत नसत. आत्याही मागत नसे.

चमकी बसली की तिच्यावर पुन्हा वॉर्निशचे हात आणि मधे मधे पाण्याच्या पॉलिशपेपरनं घासणं. शेवटी आत्याच्या जुन्या पातळाचा तुकडा खोडावरून ओढून बघायचे, सूत अडकलं तर अजून एक हात. ही परीक्षा एका फजितीनंतर सुरू झाली. दादांनी पहिलाच काचेचा साईड ड्रम घाईनं दिला होता. वाजवणाऱ्यानं तो मांडीवर आपटत सगळी वरात वाजवली, आणि लग्नघराच्या दारात पोचेपर्यंत त्याच्या नव्या पांढऱ्या पँटचा मांडीवर जाळीदार पडदा झाला होता. तो बिचारा ड्रम पुढे धरूनच जेवायला बसला, असं म्हणतात. दादा ही गोष्ट स्वतःच सांगायचे आणि स्वतःच पोट धरून हसायचे.

एकदा अमरधामाच्या स्मशानाकडून कुणीतरी माणूस पिशवी घेऊन आला होता. पिशवीत बांगड्यांचे तुकडे होते. कुठले ते विचारावं लागलं नाही. दादांनी हात जोडून त्याला परत पाठवलं. “लग्नात वाजणाऱ्या ढोलावर कुणाचं रडणं बसवायचं न्हाई,” असं ते म्हणाले. तेव्हा मला दादा फार मोठ्या मनाचे वाटले होते. आत्या ओसरीवर बसून काच चाळत होती आणि ती चाळतच राहिली.

दादा दिवाळीनंतर गेले. सकाळी दुकान उघडलं, आईला पाणी मागितलं, आणि ती तांब्या घेऊन येईपर्यंत ते खुर्चीतच गेलेले होते. मी सावेडीतल्या सासरहून स्कूटरवर पोचले तेव्हा त्यांना पुढच्या खोलीत खाली निजवलं होतं. बाकीचं सामान बाजूला केलं होतं, पण दोन स्टुलांवरचा मोठा ढोल तसाच होता. राजूरच्या एका बँडमालकाचा होता तो. हिरवा रंग देऊन झाला होता, वॉर्निश आणि काच बाकी होती. तुळशीची लग्नं लागली की न्यायला या, असं दादांनी त्याला सांगून ठेवलं होतं.

बायका जमल्या. बाईच्या बांगड्या उतरवायच्या त्या दुसऱ्या विधवा बाईनं, नवऱ्याच्या शेजारी, हात दगडावर ठेवून, अशी आमच्याकडची रीत. आता पुष्कळ घरांत हे करत नाहीत, काही गावांनी तर ग्रामसभेत ठराव केलेत. पण ठराव चावडीवर राहतो आणि घरात चुलत्या-मावशा असतात. कुणीतरी वरवंटा आणून ठेवला आणि सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. मी भांडायच्या तयारीनं पुढे झाले होते. पण आईनंच हात पुढे केले. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, दिवाळीला भरलेल्या.

आत्या उठून आत गेली. आली ती वाटीत साबणाचा फेस घेऊन. तिनं आईच्या हाताला फेस चोळला, कासार धरतो तसा अंगठ्याचा सांधा दाबून धरला आणि एकेक बांगडी अख्खी उतरवायला लागली. घाई नाही, काही नाही. एक चुलती म्हणाली, “आक्का, फोडाव्या लागत्यात त्या.”

आत्या वर न बघता म्हणाली, “आमच्यात काच खलबत्त्यात फुटती.”

फुटती, म्हणाली ती. त्या घरात हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. सगळ्या बांगड्या पदरात घेऊन तिनं हिरवी काच साठवायच्या डब्यात ठेवल्या आणि मग ती दादांच्या पायाशी बसून रडली. तिला त्यांचे पाय धरून रडताना पाहिलं आणि मला वाटलं, आपल्या नवऱ्याच्या वेळचं रडणंही ती आत्ताच रडून घेतेय.

दहावा झाला. तुळशीची लग्नं झाली. त्यानंतर राजूरचा बँडमालक आला. चांगला माणूस, दादांचं जुनं गिऱ्हाईक. बराच वेळ टोपी मांडीवर घेऊन बसला. दादांच्या आठवणी काढल्या, डोळे पुसले, आणि मग ढोलाकडे बघून मलाच म्हणाला, “ताई, कसं करायचं आता? पहिलं लग्न जवळ आलंय.”

मी म्हटलं, “करून देऊ. आई आहे, आत्या आहे.”

तो अडखळला. “तसं न्हाई. दादांचं बोलनं हुतं आमच्याशी. आमच्या ढोलाला सुवाशिनीचा हात लागतो, म्हनायचे. गिऱ्हाईक इच्यारतं तर आमी बी तेच सांगतो. म्हनून तर येवढ्या लांबून येतो. आता तुमीच हात लावा की. तुमी लेक हाय, सुवाशीन हाय.”

आत्या दाराशीच होती. तिनं ऐकलं हे मला तिच्याकडे न बघताही कळलं.

मला दादांचा त्या क्षणी जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही. माणूस गेल्यावर दहाव्याच्या पिंडापाशी आपण सगळं माफ करून मोकळे होतो, पण मला ते साधलं नाही. बहिणीला आयुष्यभर सांभाळलं त्यांनी, कधी वाकडा शब्द बोलले नाहीत, सणाला आईच्या आधी तिचं लुगडं आणलं. आणि बाहेर गिऱ्हाइकांना हे सांगत होते. काच तिनं धुवायची, तिनं कुटायची, नाकातोंडात तिनं घ्यायची, आणि नाव मात्र सुवासिनीच्या हाताचं. त्यांचं माझ्यावर किती प्रेम होतं हे मला माहीत आहे, आणि माझंही त्यांच्यावर होतं. तरीही हे चूक होतं. आत्याच्या भाकरीच्या वेळा मला त्या क्षणी एकदम कळल्या.

बँडमालकाचं बोलणं अजून हवेत होतं तेवढ्यात आई आतून आली. तिनं त्याच्यापुढे पाणी ठेवलं आणि म्हणाली, “हिला येत न्हाई. हिनं कवाच केलं न्हाई. ढोल खराब हुईल.”

“मग?” तो म्हणाला.

“वन्सं करतील.”

दारातून आत्याच बोलली, आणि बँडमालकाच्याही आधी. “नगं. लग्नाचा ढोल हाय तो.” कुणी अडवायची गरजच नव्हती, ती स्वतःच स्वतःला अडवून उभी होती. इतक्या वर्षांत ते तिच्या अंगी मुरलं होतं. “तू कर गं,” ती मला म्हणाली. “मी सांगते तसं कर. जमंल.”

आई बँडमालकाकडे वळून म्हणाली, “भाऊ, तुमाला चालत नसंल तर खोड तसंच घिऊन जा. मी वाईट मानायची न्हाई. पन हितं राहिलं तर वन्संचाच हात लागंल, आन् कुनी इच्यारलं तर तसंच सांगायचं. आता खोटं सांगायचं न्हाई.”

तो टोपीची घडी करत होता, उलगडत होता. शेवटी त्यानं टोपी डोक्यावर घातली आणि उठत विचारलं, “वाळाया किती दिस लागत्याल?”

दुसऱ्या दिवशी आईनं हिरव्या काचेचा डबा आत्यापुढे ठेवला. वर तिच्या अख्ख्या बांगड्या होत्या. आत्यानं त्या उचलून बाजूला काढल्या, तर आईनं त्या परत घेऊन स्वतःच खलबत्त्यात टाकल्या. “तुमी फोडू दिल्या न्हाईत त्या दिवशी,” ती म्हणाली, “मग आता कुनासाठी ठिवायच्या?” दादांनी कुणाचं रडणं ढोलावर बसवायचं नाही म्हटलं होतं, ते मला आठवलं. आईलाही आठवलं असणार. आत्यानं खलबत्त्यावर फडकं धरलं आणि कुटायला सुरुवात केली. नेहमीसारखीच कुटली तिनं, पण चाळायला नेहमीपेक्षा वेळ लावला. मलमल झटकून झटकून ती वेळ काढते आहे हे दिसत होतं.

वॉर्निश आईनं दिलं. मग ती दादांच्या स्टुलापाशी, त्यांच्या बाजूला जाऊन बसली. उलटं बोट टेकवून बघितलं, पुन्हा बघितलं. “धरलं,” म्हणाली आणि खोड फिरवायला लागली.

आत्या चाळणी घेऊन उभी होती. भाकरीची वेळ नव्हती. तिनं माझ्याकडे बघून चाळणी पुढे केली. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. आई खोड फिरवत होती. वॉर्निश कुणासाठी थांबत नाही हे आत्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. वाया जाईल, एवढा रंग, एवढी काच, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि मला वाटतं शेवटी त्या वाया जाण्याच्या भीतीनंच तिचा हात उचलला. तिनं चाळणी खोडावर धरली आणि मनगटानं ठोका दिला.

पहिला ठोका जोरात बसला. काच एका जागी ढीग पडली. “हळू, वन्सं,” आई म्हणाली. दुसरा ठोका बरा पडला. मग हात बसला. आयुष्यभर दाराआडून ऐकलेलं तिच्या हातात उतरत गेलं. आईच्या ठोक्यांना बांगड्यांचा आवाज असायचा, आत्याचे ठोके मुके होते. नुसती काच पडताना येते तेवढी सरसर. खोडाचा एक फेरा झाला, दुसरा झाला, आणि हिरव्यावर हिरवं चढत गेलं. दारातून ऊन येत होतं, त्यात ढोल उजळला. पहिल्या ठोक्याची ती जाड जागा तेवढी वेगळी दिसत होती. नंतर पॉलिशपेपरनं घासून ती बसवता आली असती. आई म्हणाली, असू दे.

झालं तेव्हा आत्या खाली बसली. त्याआधी वाकून, खोडाच्या दोन्ही कडांना मनगटं टेकवून, तिनं खालूनही काच नीट बसली ना याची खात्री केली होती. तेव्हा तिच्या दोन्ही मनगटांना वॉर्निश लागलं होतं आणि त्यावर काच चिकटली होती. उघड्या मनगटांवर हिरवी काच, बांगड्या असतात तिथंच. तिच्या ते लक्षात आलं तशी ती बघतच राहिली. हात उन्हात धरला, फिरवला, पुन्हा फिरवला. मी रॉकेलचं फडकं आणलं, कारण वॉर्निश वाळलं की कातडीवरून सोलून काढावं लागतं.

“राहू दे,” आत्या म्हणाली. “आजच्या दिस राहू दे.”

मी आईकडे पाहिलं. आई उठली, हात धुतले, परात काढली आणि पीठ घेतलं. काच पिठात पडू नये म्हणून त्या संध्याकाळी भाकऱ्या आईनं थापल्या. एकीलाही पापुद्रा आला नाही, आणि आत्यानं त्या मनगटं ताटाबाहेर जपून धरून खाल्ल्या.